खुंटीवरचं कार्ड

रेडिओ शिलाईच्या मशीनवर डोकं टेकून पडली, तेव्हा आधी कुणाला काळजी वाटली नाही, नवल वाटलं. रेडिओ गप्प बसलीय, ही बातमीच मुळात विश्वास ठेवण्यासारखी नव्हती.

कारखाना गणवेशांचा. एका लांबलचक खोलीत दोन रांगांनी मशिनी, वर पांढरे दिवे, आणि खडखडाट असा की शेजारणीला काही सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. एकट्या रेडिओला ती गरज नव्हती. तिचा आवाज मशिनींच्या डोक्यावरून जाई. त्यातून तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. नवऱ्याचं जहाज सध्या कुठल्या समुद्रात आहे, सासूबाईंनी काल कशावरून नाक मुरडलं, लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर तिचा चेहरा कसा भोपळ्याएवढा सुजला आणि श्वास कसा अडकला, हे सगळं सगळ्यांना पाठ होतं. ती शेवटची गोष्ट सांगताना ती गाल फुगवून, डोळे फिरवून दाखवी आणि बायका सुया थांबवून हसत. तिच्या शेजारच्या मशीनवर बसे ती घुमी. विचारल्याशिवाय बोलायची नाही, आणि विचारलं तरी अर्धंच बोलायची. ही नावं कुणी ठेवली कोण जाणे, पण ठेवणाऱ्याला माणसं कळत होती. निदान अर्धी तरी.

रेडिओच्या पायात गेल्या आठवड्यात खिळा घुसला होता. तिने त्यावर हळद दाबली, चिंधी बांधली आणि त्याचीही एक गोष्ट करून सांगितली. आज सकाळी मात्र अंगाला हात लावला तर चटका बसत होता. सुपरवायझर बाईंनी तिला टॅक्सीत घालून कारखान्याच्या ठरलेल्या हॉस्पिटलात नेलं, सासूला फोन करून बोलावून घेतलं, आणि जेवणाच्या सुट्टीत एकट्याच परत आल्या.

"पायातलं विष रक्तात उतरलंय," त्यांनी सांगितलं. "शुद्ध अशी नाहीच. काहीतरी बरळतेय. दुपारपासून पेनिसिलिन चालू करणार आहेत, सलाइनमधून."

"अहो बाई, पण तिला तर ते सोसत नाही," बटणांची काजं शिवणारी म्हणाली.

"मीही तेच सांगितलं. सासूनेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरवर सगळं आहे. गेल्या वर्षी तिथेच तिला तेच इंजेक्शन चांगलं चार-पाच दिवस दिलं होतं, काही झालं नाही. लहानपणीचं असतं, वय वाढलं की जातं म्हणाले."

"म्हणजे भोपळ्याची गोष्ट थापच होती म्हणायची," कुणीतरी म्हणालं, आणि काळजीतही बायका थोड्या हसल्या. रेडिओ बरी होणार, आता तिला चिडवायला आणखी एक कारण मिळालं, असं त्यांना वाटलं.

घुमी हसली नाही. तिच्या हातातला डबा तसाच उघडा राहिला. गेल्या वर्षी त्या हॉस्पिटलात रेडिओ नव्हतीच. त्या खाटेवर रेडिओचं नाव लावून घुमी झोपली होती.

चोरी म्हटलं की आपल्याला कुलूप तोडणारा दिसतो. इथे कुलूप कुठे होतं? कारखान्याचा नियम होता, आत असताना ओळखपत्र बरोबर हवं. पण एकदा एकीच्या गळ्यातली नाडी मशीनच्या चाकात गेली आणि बाई मरतामरता वाचली. तेव्हापासून सगळ्या जणी आत आल्या की कार्ड दाराशेजारच्या खुंट्यांवर अडकवत. नियमही पाळला, गळेही वाचले. कार्डावरचा फोटो कामावर काढलेला, डोक्याला निळी टोपी, केस सगळे आत. त्या फोटोत सगळ्या जणी एकमेकींच्या बहिणी दिसत. हेच कार्ड दाखवलं की हॉस्पिटलात उपचार होत, पण ते फक्त कायम झालेल्या बायकांना. घुमी तेव्हा हंगामी होती. तिच्या नावाची खुंटी नव्हती.

आणि खरं सांगायचं तर तिला तिच्या नावाचं कार्ड मिळालं असतं, तरी तिने ते दाखवलं नसतं. तिला पाचवा महिना होता. लग्न झालेलं नव्हतं. ज्याच्या भरवशावर हे झालं, तो पत्ता न ठेवता निघून गेला होता. निळ्या झग्याखाली तिने सगळं झाकलं होतं, आणि मग एका संध्याकाळी पोटात अशी कळ आली की झाकायला काही उरणार नाही हे तिला कळलं. घरी भाऊ होता, भावजय होती. तिने घरी फोन करून सांगितलं, चार दिवस रेडिओकडे राहायला जातेय. रेडिओला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. जाताना खुंटीवरचं तिचं कार्ड उचललं.

हॉस्पिटलच्या खिडकीवर विचारलं, जन्मतारीख? कारखान्याच्या फळ्यावर सगळ्यांचे वाढदिवस खडूने लिहिलेले असत, आणि रेडिओ तर स्वतःचा महिनाभर आधीपासून जाहीर करी. नवऱ्याचं नाव? आईचं नाव? घराचा पत्ता? घुमीला सगळं येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती धडाधड उत्तरं देत होती, आणि एकही उत्तर तिचं नव्हतं.

बाळ राहिलं नाही. मागून ताप चढला. पांढऱ्या केसांची एक सिस्टर इंजेक्शन भरून आली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून थबकली. "इथे लाल अक्षरात लिहिलंय, पेनिसिलिन चालत नाही. काय झालं होतं तेव्हा?"

ही गोष्ट घुमीला गाल फुगवण्यासकट पाठ होती. पण हो म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. कधी झालं, कुठल्या डॉक्टरने दिलं, कुणाला फोन करू? एखादं उत्तर चुकलं तर? शिवाय तिला स्वतःला ते इंजेक्शन पूर्वी दिलेलं होतं, चांगलं सोसलेलं होतं. ती म्हणाली, "चुकून लिहिलं असेल. मला काही होत नाही."

झालंही नाही काही. मग सिस्टरने तिच्यासमोरच ते लाल अक्षर पुसलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी घुमी डोळे मिटून बरी झाली आणि कार्ड पुन्हा खुंटीवर गेलं. मधल्या दिवसांत रेडिओने "माझं कार्ड कुठे गेलं गं" म्हणून कारखाना डोक्यावर घेतला होता. ते खुंटीवर दिसल्यावर स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं, "डोकं ठिकाणावर नाही माझं." मग तिच्या फोनवर हॉस्पिटलचा निरोप आला, आपली तब्येत कशी आहे म्हणून. रेडिओला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नसे. तिने फोन घुमीच्याच हातात दिला. "बघ गं काय आलंय." घुमीने बघितलं, म्हणाली, "जाहिरात आहे," आणि निरोप पुसून टाकला.

कुणी सांगितलं, जरा जपून बोलत जा, सगळं सगळ्यांना कशाला सांगतेस, की रेडिओ हसायची. "माझ्याकडे आहे काय चोरायला? कोण घेणार माझं?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायका उठल्या. घुमी मागच्या बोळात गेली, जिथे कापडाचे तागे उभे करून ठेवलेले असत, आणि तिने हॉस्पिटलला फोन लावला. सांगायचं आणि ठेवून द्यायचं. नाव सांगायची गरजच काय? जीव वाचल्याशी कारण.

"तुमच्याकडे सकाळी एक बाई आल्यात," ती म्हणाली. "पाय चिघळलेला. त्यांना पेनिसिलिन देऊ नका. सोसत नाही त्यांना."

"रुग्णाचं नाव? जन्मतारीख?" पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली. घुमीने दोन्ही सांगितली. "आपण कोण?"

"मैत्रीण."

"सॉरी मॅडम, रुग्णाची माहिती आम्ही नातेवाईक सोडून कुणाशी बोलत नाही. नियम आहे."

"माहिती नकोय मला. निरोप द्या फक्त."

"तब्येतीबद्दलचा निरोपसुद्धा फोनवर घेता येत नाही हो. कुणीही फोन करून काहीही सांगेल. तुमचं पूर्ण नाव सांगा, मी विचारून बघते. तुम्हाला कसं माहीत, तेही सांगा."

नाव, तारीख, आई, नवरा, पत्ता, रेडिओच्या आयुष्याच्या सगळ्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. गेल्या वर्षी प्रत्येक दार त्यांनी उघडलं होतं. आज रेडिओ स्वतः खाटेवर होती, त्यामुळे रेडिओ होऊन बोलायची सोय नव्हती, आणि घुमी म्हणून बोलायची हिंमत नव्हती.

तिने फोन ठेवला. पुन्हा लावला. या वेळी कुणी उचललाच नाही.

सुपरवायझर बाईंना सांगावं? बाई पुन्हा डॉक्टरांना फोन करतील, डॉक्टर पुन्हा पडद्यावरचं वाचून दाखवतील. पडदा खोटं बोलतोय हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस तागे धरून उभं होतं. तिला स्वतःचीच घृणा वाटली.

दाराशी तिची नजर खुंट्यांवर गेली. गेल्याच महिन्यात ती कायम झाली होती. रेडिओनेच बाईंच्या मागे लागून लागून ते करवून घेतलं होतं. "बोलत नाही म्हणून काय तिला पोट नाही?" असं ती बाईंना म्हणाली होती. नवं कोरं कार्ड रेडिओच्या रिकाम्या खुंटीशेजारी लटकत होतं. घुमीने ते उचललं, गळ्यात घातलं आणि न विचारता बाहेर पडली. मागून बाईंनी हाक मारली. ती थांबली नाही.

टॅक्सी पुलापर्यंत नीट गेली आणि मग गाड्यांच्या रांगेत रुतून बसली. पुढे कुठेतरी रस्ता खणलेला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि आरामात आळस दिला. "दुपारपासून" म्हणजे नक्की कधीपासून? बाईंना विचारायला हवं होतं. घुमीने हाताला आल्या त्या नोटा सीटवर टाकल्या आणि उतरून पळत सुटली. पायात कामावरच्या सपाता, अंगात निळा झगा. लोक वळून बघत होते. पळताना एकच गोष्ट डोळ्यांसमोर येत होती, गाल फुगवून डोळे फिरवणारी रेडिओ, आणि या वेळी कुणी हसत नव्हतं.

हॉस्पिटलच्या दाराशी रखवालदाराने हात आडवा केला. तिने गळ्यातलं कार्ड दाखवलं. त्याने फोटोकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, आणि म्हणाला, "जा."

दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर रेडिओची सासू बसली होती. ताठ, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. घुमीने तिला कारखान्याच्या दाराशी दोन-तीनदा बघितलं होतं. सुनेवर कुरकुरायची, पण पावसाची चिन्हं दिसली की छत्री घेऊन यायची. आज तिचा चेहरा दगडासारखा होता.

"काकू, इंजेक्शन दिलं का?"

"देतायत आता. आत गेल्यात सिस्टर."

"काकू, थांबवा त्यांना. तिला खरंच सोसत नाही. तुम्हाला माहितीये ना."

"मला काय माहितीये आणि काय नाही, ते मलाच कळेनासं झालंय," सासू म्हणाली. "सांगितलं मी डॉक्टरांना. ते म्हणाले, गेल्या वर्षी बाळ गेलं तेव्हा दिलं होतं की. माझा मुलगा दोन वर्षं बोटीवर आहे. कुठलं बाळ? मला म्हणाले, तुम्हाला ठाऊक नव्हतं का? आता मी त्यांच्याशी कशाच्या जोरावर भांडू? एवढं लपवलं तिने, मग इंजेक्शनचंही खोटंच असेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती फाशी आत चालली होती आणि दोर घुमीने वळलेला होता. खऱ्यावर कुणाचा विश्वास बसू नये, इतकं खोटं तिने रेडिओच्या नावावर जमा करून ठेवलं होतं. ती दार ढकलून आत शिरली.

खिडकीजवळच्या खाटेवर रेडिओ होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. पांढऱ्या केसांची सिस्टर पाठमोरी उभी राहून बाटलीची नळी हाताच्या सुईला जोडत होती. तरुण डॉक्टर पलीकडच्या टेबलाशी काही लिहीत होते.

"थांबा," घुमी म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज नेहमीसारखाच निघाला, अर्धा. सिस्टरचा हात नळीवरच्या चाकाकडे गेला. "थांबा!" या वेळी अख्खा वॉर्ड वळला.

"बाहेर व्हा. कुणी सोडलं यांना आत?" डॉक्टर उठले.

"तिला पेनिसिलिन चालत नाही."

"ते झालंय आमचं बोलून. गेल्या वर्षी याच वॉर्डात..."

"ती मी होते."

डॉक्टरांना काही कळलं नाही. "काय?"

"गेल्या वर्षी इथे ती नव्हती. मी होते. तिचं कार्ड घेऊन आले होते. ते इंजेक्शन मला दिलंत तुम्ही, तिला नाही." घुमी सिस्टरकडे वळली. "तुम्ही मला विचारलं होतं. लाल अक्षरात लिहिलंय म्हणालात. मी म्हटलं चुकून असेल. तुम्ही पुसलंत."

सिस्टरने चष्मा वर केला आणि तिच्याकडे बघत राहिली. रोज शंभर चेहरे बघणारी बाई, तिला वर्षापूर्वीचा एक कसा आठवणार?

"हाताची शीर सापडत नव्हती तुम्हाला," घुमी म्हणाली. तिने सपाता काढून घोटा दाखवला. आतल्या बाजूला एक निळसर गाठ अजून होती. "इथे लावली होती सुई. ती सुजली, म्हणून तुम्ही स्वतः बर्फ आणून धरला होतात. म्हणालात, आईला बोलावू का? मी नको म्हटलं."

सिस्टरने डॉक्टरांकडे बघितलं नाही, विचारलंही नाही. तिने नळी सुईपासून सोडवली, बाटली खुंटाळ्यावरून उतरवली आणि ट्रेमध्ये आडवी ठेवली.

"एक थेंबही गेला नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पडद्यावर नोंद उघडली, घोट्यातली सुई शोधली, ती सापडली, आणि ते खुर्चीत बसले. "दुसरं औषध काढा," ते सिस्टरला म्हणाले. मग घुमीला, "याची पोलिसांत तक्रार जाईल. कल्पना आहे ना?"

"आहे."

"हे इंजेक्शन आज गेलं असतं तर मी तुमच्याशी नव्हे, यांच्या सासूशी बोलत असतो. काय बोललो असतो, ते मलाही सांगता येणार नाही."

दारात सासू उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिने सगळं ऐकलं असावं, पण माणूस हवं ते नीट ऐकल्याशिवाय समाधानी होत नाही. ती जवळ आली आणि घुमीच्या तोंडासमोर उभी राहिली.

"इंजेक्शन तू घेतलंस?"

"हो, काकू."

"तापासाठी आली होतीस?"

हा प्रश्न म्हणजे पळवाट होती. म्हातारीने ती मुद्दाम दिली की नकळत, हे घुमीला आजही सांगता येत नाही. जीव वाचला होता. ताप आला होता, हे काही खोटं नव्हतं. फक्त हो म्हणायचं. बाकीचं कॉम्प्युटरची चूक म्हणून राहिलं असतं, कुणी खणलं नसतं. भावाच्या घराचं दार उघडं राहिलं असतं. आणि रेडिओच्या घरात एक शंका कायमची राहिली असती. सासू छत्री घेऊन आली असती, पण सुनेच्या डोक्यावर धरताना तिचा हात आखडला असता.

"नाही, काकू," घुमी म्हणाली. "बाळही माझंच होतं."

सासूने हात उचलला. घुमीला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तरी ती हलली नसती. पण म्हातारीने तो हात स्वतःच्याच तोंडावर दाबला आणि रेडिओच्या खाटेशी जाऊन बसली. सुनेचा पाय चादरीवरून दाबायला लागली. दुखरा पाय सोडून, दुसरा.

नोंदी ठेवायची खोली तळमजल्यावर होती. सुपरवायझर बाई तोवर येऊन पोचल्या होत्या. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी घुमीच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. मग पोलिस येईपर्यंत नोंदवाल्या बाईंनी घुमीला समोर बसवलं. एका नावाखाली दोन बायका मिसळल्या होत्या, त्या वेगळ्या करायच्या होत्या.

"मी वाचते. तुमचं असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही. अंदाजाने काही सांगू नका," बाई म्हणाल्या. "चष्म्याचा नंबर?"

"तिचा."

"दाढ काढली?"

"तिची."

"ताप, जंतुसंसर्ग, घोट्यात सुई?"

"माझं."

मग बाईंनी लिहिलं होतं तसं वाचून दाखवलं. "पाचव्या महिन्यात गर्भ गेला. मुलगी. आईने बघायला नकार दिला."

ती मुलगी होती, हे घुमीला माहीत नव्हतं. तेव्हा सिस्टरने विचारलं होतं, बघायचंय का, आणि ती नको म्हणाली होती. बघितलं तर रडू येईल आणि रडताना तोंडातून स्वतःचं नाव निघून जाईल, अशी तिला भीती वाटली होती. तेव्हा दाबून धरलेलं रडू आता त्या लाकडी खुर्चीवर सुटलं. नोंदवाल्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि पडद्याकडे बघत बसल्या.

"ही नोंद कुणाची?" त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं. विचारायला तर हवंच होतं.

"माझी. माझ्या नावावर घ्या."

"नाव सांगा."

घुमीने सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. भावाच्या घरचा पत्ता. जन्मतारीख सांगताना ती अडखळली, कारण इथे ती तिने कधी सांगितली नव्हती.

पोलिसांत जबाब झाला, कारखान्यातलं काम सुटलं, आणि भावजयीने तिची पेटी दाराबाहेर ठेवली. ते सगळं व्हायचंच होतं. रेडिओ आठवड्याने उठून बसली, तेव्हा सिस्टरने घुमीला निरोप पाठवला, भेटायचं असेल तर ये. घुमी गेली.

रेडिओ उशीला टेकून बसली होती. वाळली होती. घुमी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. एवढी वर्षं शेजारी बसून तिला पहिलं वाक्य कधी बोलावं लागलं नव्हतं, ते नेहमी रेडिओच बोलायची.

"माझं चुकलं," घुमी म्हणाली. "तुझा जीव जाणार होता."

"तो गेला नाही," रेडिओ म्हणाली. आवाज बसलेला होता. "पण त्या दिवशी तापात मला सगळं ऐकू येत होतं. सासूबाई माझ्या अंगावर चादर घालत होत्या, पण तोंड फिरवून. मला सांगायचं होतं, अहो मी नाही. जीभ उचलत नव्हती. बाई गं, मला कधी शब्द सापडला नाही असं झालंय का?" ती थांबली. "तुझं बाळ गेलं, ते ऐकून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तू शेजारी बसून माझी एकेक गोष्ट ऐकत होतीस ना, मला वाटायचं, हिला आवडतात माझ्या गोष्टी."

"आवडायच्याच गं."

रेडिओ खिडकीकडे वळली.

तेवढ्यात सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन आली. आता हॉस्पिटलात नवीन पद्धत होती. कार्ड बघून भागत नसे, प्रत्येक औषधाआधी रुग्णाला विचारायचं. "चला, नाव आणि जन्मतारीख सांगा."

महिनाभर आधीपासून वाढदिवस जाहीर करणाऱ्या रेडिओने तोंड उघडलं, घुमीकडे बघितलं आणि मिटलं. मग तिने बोटाने सिस्टरला जवळ बोलावलं, अगदी जवळ, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, हाताचा आडोसा करून, हळूच सांगितलं.